बंद झालेली तक्रार

आज संध्याकाळी बेल वाजली आणि दार उघडलं तर कालचाच वायरमन. आम्ही कोणी बोलावलं नव्हतं. तक्रार काल रात्रीच बंद झाली होती, तसा मेसेजही आला होता. "ताई, गीझर, इस्त्री, काय मोठं असेल ते जरा चालू करा. बाकीच्यांनाही सांगा. मी खाली मीटरपाशी आहे," एवढं बोलून तो जिना उतरलासुद्धा.

कालचं लिहायचं राहिलं होतं, ते आधी लिहिते.

दिवेलागणीनंतर घरातले दिवे एकाएकी लख्ख झाले. पंखा सुसाट सुटला, फ्रिजमधून कधी न ऐकलेली घरघर सुरू झाली. वरच्या मजल्यावर याच वेळी दिवे मिणमिणत होते, हे नंतर कळलं. आई ओरडली, "मेन बंद कर आधी!" मी केला. शेजारच्यांचा टीव्ही मात्र तोवर गेला होता.

वायरमन आला तेव्हा सगळी बिल्डिंग जिन्यात गोळा झाली होती आणि जो तो आपापल्या नुकसानीचं सांगत होता. त्याने कोणाचंच पुरतं ऐकून घेतलं नाही. टेस्ट लॅम्प लावून बघितला आणि म्हणाला, "न्यूट्रल गेलाय. सगळ्यांनी मेन पाडा. आत्ता." आवाज चांगलाच चढा होता. न्यूट्रल म्हणजे सगळ्या घरांची वीज परत नेणारी सामाईक तार, हे मला नंतर कळलं. देवमाणूस वगैरे म्हणावं असं त्याच्यात काही नव्हतं, हे लिहून ठेवते. चिडका होता, घामाघूम होता आणि आमच्या प्रश्नांना वैतागलेला होता.

मग विचारलं, "इन्व्हर्टर कोणाकडे आहे? जनरेटर?" एका काकांनी विचारलं, त्याचा काय संबंध? तेव्हा तो पहिल्यांदा थांबून बोलला. लाइन बंद करून माणूस खांबावर चढला, आणि खाली कोणी चेंजओव्हर, म्हणजे बाहेरची लाइन तोडून घर जनरेटरला जोडणारा स्विच, न लावता जनरेटर सुरू केला, तर घरातली वीज उलटी लाइनवर जाते. डीपीतल्या ट्रान्सफॉर्मरला दिशा कळत नाही. एरवी तो हजारो व्होल्ट उतरवून आपल्याला २३० देतो, तसाच उलट आलेले २३० चढवून हजारो करतो. "आमची माणसं अशीच जातात," तो म्हणाला आणि हातमोजे तपासायला लागला. काका मुकाट्याने घरी जाऊन इन्व्हर्टर बंद करून आले.

न्यूट्रलचं कोडं त्याने काम आटोपल्यावर उलगडून सांगितलं, तेही मी दुसऱ्यांदा विचारल्यावर. एका कडीला तीन दोर बांधलेत आणि तीन जण तीन बाजूंना ओढताहेत असं समजा. कडी मधल्या खुंटीला पक्की असेल तर कोणी कितीही जोर लावला तरी ती हलत नाही. खुंटी उपटली की जोर जास्त त्याच्याकडे कडी सरकते. खुंटी म्हणजे न्यूट्रल, आणि ओढणारे तिघे म्हणजे तीन फेज, बिल्डिंगला वीज आणणाऱ्या तीन तारा. ज्या फेजवर लोड जास्त, तिथलं व्होल्टेज पडतं. ज्याच्या घरी एखाददुसराच दिवा चालू, त्याच्याकडे ते चढतं, कारण दोन फेजमधले ४०० व्होल्ट आता त्या दोघांत वाटले जातात आणि वाटणी सारखी होत नाही. आमच्या घरी तेव्हा फारसं काही चालू नव्हतं, म्हणून आमचे दिवे लख्ख. इतकी वर्षं मीटरच्या बोर्डाशेजारून जाते-येते, कोणी हे असं सांगितलं नव्हतं.

बिघाड खांबावरच्या जोडात होता. तांब्याची आणि अॅल्युमिनियमची तार एकमेकींना नुसती पिळून बांधलेली. अॅल्युमिनियमवर हवेने जो थर धरतो त्यातून वीज नीट जात नाही, जोड तापतो. शिवाय दोन्ही धातू सारखे फुगत नाहीत, त्यामुळे तापून-निवून जोड सैल होतो, आणि सैल झाला की आणखी तापतो. दोन्ही धातूंना चालेल असा लग, म्हणजे तारेच्या टोकाला बसवायचा जोडतुकडा, लागतो, तो काल त्याच्याकडे नव्हता. त्याने तारा घासून साफ केल्या, जोड घट्ट मारला, वीज सुरू केली आणि गेला. थोड्याच वेळात तक्रार निकाली निघाल्याचा मेसेज आला. आम्हीही विषय संपवला.

त्याच्यासाठी मात्र तो संपलेला नव्हता. आज शिफ्ट संपायच्या आधी मदतनिसाला घेऊन, लग घेऊन आला. आधी सगळ्यांना लोड लावायला सांगितलं, कारण असा जोड रिकाम्या वेळी साळसूद असतो, खरा दिसतो तो भर लोडवर. तिन्ही फेज मोजल्या, न्यूट्रल आणि अर्थिंगमधलं व्होल्टेज मोजलं. ते त्याला आवडलं नसावं, कारण ओठ आवळून त्याने फोन लावला, डीपीवरून सप्लाय बंद करून घेतला, लाइन मेली आहे याची खात्री केली आणि वर चढला. खाली आल्यावर पुन्हा तेच सगळं मोजमाप. या वेळी मान डोलावली.

इथवर मी याला कामातली निष्ठा म्हटलं असतं आणि पान संपवलं असतं. पण मग तो म्हणाला, "वरच्या आजींकडे जाऊन येतो."

वरच्या मजल्यावर आजी एकट्या राहतात. कालच्या प्रकारानंतर त्यांनी दिवसभर एकही बटण दाबलं नव्हतं, हे आमच्यापैकी कोणालाच ठाऊक नव्हतं. याला तरी कुठे ठाऊक होतं? काल त्या कठड्याला धरून उभ्या होत्या, हात थरथरत होता, तेवढं त्याने बघून ठेवलं होतं. मी मागोमाग गेले. त्याने त्यांच्या घरातलं एकेक बटण स्वतः दाबलं. दिवा, पंखा, फ्रिज, देव्हाऱ्यातला छोटा बल्बसुद्धा. प्रत्येक वेळी म्हणायचा, "बघा आजी, काही नाही झालं." शेवटचं बटण त्यांना दाबायला लावलं. मेन स्विच कुठे आहे ते दाखवलं आणि तो दोनदा खालीवर करून घेतला. "दिवे एकदम जास्त झाले की आधी हा पाडायचा. कोणाला विचारत बसायचं नाही."

मीटरच्या पलीकडची वायरिंग ज्याची त्याने बघायची असते, ते काही त्याचं काम नाही. आजींची भीती तर कुठल्याच यादीत बसत नाही. आणि काल जिन्यातल्या एवढ्या गर्दीत आम्ही सगळे आपापल्या टीव्ही-फ्रिजचं सांगत असताना त्या थरथरत्या हाताकडे बघायला सवड होती ती एकट्या त्यालाच, ज्याच्यावर आम्ही सगळे ओरडत होतो. हे मला अजून नीट पचलेलं नाही.

नाव विचारलं तर हसला, म्हणाला, "साहेबांना सांगू नका, उद्यापासून सगळ्यांकडे बटणं दाबायला पाठवतील."

तरी मी सांगायचं ठरवलं. कंपनीच्या अॅपमध्ये आभार मानायची सोय कुठे आहे ते शोधत बसले. वीज नाही, वीज कमी, वीज जास्त, मीटर जळाला, बिल चुकलं, सगळं आहे. शेवटी 'इतर'मध्ये जाऊन चार ओळी लिहिल्या. लगेच मेसेज आला : आपली तक्रार नोंदवली आहे, आमचा कर्मचारी लवकरच येऊन तिचे निवारण करेल.

आता उद्या सकाळी फोन करून ही तक्रार मागे घ्यावी लागेल, नाहीतर तोच बिचारा पुन्हा जिना चढून यायचा.