किचन कॅबिनेट

दुपारी जेवून जरा आडवा झालो, तर फोन वाजला. आमच्या ठाण्यातल्या पाचपाखाडीच्या सोसायटीतल्या मॅनेजिंग कमिटीने आपल्या व्हॉट्सॲप ग्रुपचं नाव बदलून ‘किचन कॅबिनेट’ ठेवलं होतं. सोबत झाऱ्याचं चित्र. माजी खजिनदार म्हणून मी अजून त्या ग्रुपात अडकलेला आहे.

झोप उडाली. लोक ‘ऑलरेडी आधीच’ म्हणतात, ते मी गिळतो. हे गिळवेना. निवडणूक लढवून, नोटीस बोर्डावर नावं लावून बसलेली माणसं किचन कॅबिनेट कशी? ती नुसती कॅबिनेट. किचनमधले ते, ज्यांना कुणी निवडलेलं नसतं आणि ज्यांच्याशिवाय पान हलत नाही.

हे नाव पडलं अमेरिकेचे अध्यक्ष अँड्र्यू जॅक्सन यांच्या काळात. त्यांचे युद्धमंत्री जॉन ईटन. त्यांची बायको पेगी हिच्याविषयी वॉशिंग्टनात कुजबुज होती आणि बाकीच्या मंत्र्यांच्या बायका तिच्याकडे जाईनात. (नौपाड्यातलं हळदीकुंकवाचं राजकारण ज्यांनी पाहिलंय, त्यांना पुढचं सांगायला नको.) प्रकरण इतकं चिघळलं की १८३१ मध्ये जवळजवळ सगळं मंत्रिमंडळ पायउतार झालं. जॅक्सन सल्ला घेत तो एमॉस केंडल, फ्रान्सिस ब्लेअर अशा वर्तमानपत्रांतून आलेल्या मंडळींचा. विरोधकांनी त्यांना हे नाव ठेवलं: खरे मंत्री दिवाणखान्यातले, हे स्वयंपाकघरातले. पुढे इंदिरा गांधींच्या भोवतीच्या मंडळींनाही दिल्लीत हेच म्हणत, आणि म्हणणारे बाहेरचेच असत. टोमणा आहे हो तो. तो स्वतःच्याच दारावर पाटी म्हणून कोण लावतं?

सेक्रेटरींना फोन केला. “काका, गंमत म्हणून ठेवलंय,” म्हणाले. “मग बारभाई ठेवा,” मी म्हटलं. १७७४ मध्ये नाना फडणीस, सखारामबापू वगैरेंनी राघोबादादांना बाजूला सारून कारभार हातात घेतला, तो उघडपणे. त्याच धामधुमीत वर्षअखेरीला इंग्रजांनी ठाण्याचा किल्ला घेतला. आता तिथे तुरुंग आहे. सेक्रेटरी म्हणाले, “काका, ते पाण्याच्या टँकरचं बिल...”

खरी किचन कॅबिनेट मी लहानपणी पाहिली आहे. बाबा चाळीच्या कमिटीचे चिटणीस. बाहेरच्या खोलीत आजोबा झोपलेले, म्हणून बाबा, वरच्या मजल्यावरचे मास्तर आणि एक निवृत्त रेल्वेबाबू आमच्या स्वयंपाकघरात पाटांवर बसत. ओट्याशी आई. तिचा एकच नियम होता: माझ्या स्वयंपाकघरात बसायचं तर हात चालले पाहिजेत. मग मधोमध रोळी आणि तिघे मटार सोलताहेत. विहिरीचा पंप, गणपतीची वर्गणी, जिन्याखालची सायकल कुणाची, सगळं तिथे ठरे. मास्तर अर्धे दाणे तोंडात टाकत. आईला ते दिसे, पण ती बोलत नसे. एकदाच “मास्तर, भाजीला राहू द्या” म्हणाली, तेव्हा बाबांनी घाईघाईने पंपाचा विषय काढला. रविवारी गच्चीत सतरंजी अंथरून सभा भरे आणि तीन दिवसांपूर्वी सोललेला ठराव एकमताने मंजूर होई. कुणाला त्याचं काही वाटत नसे. पंप चालू झाला की झालं.

आमच्याकडेही वार्षिक सभा कोरमअभावी अर्धा तास तहकूब होते आणि मग त्याच खुर्च्यांवर तीच माणसं पुन्हा बसतात. चालायचंच.

पण पुनर्विकासाचं तसं नाही. सहकारी संस्था कायद्याच्या कलम ७९-अ खालच्या निर्देशांप्रमाणे त्याची विशेष सभा घ्यावी लागते, तिचं चित्रीकरण करावं लागतं. आमचा बिल्डर ठरलाय, असं लिफ्टमध्ये दोघांच्या तोंडून ऐकलं. इतिवृत्ताची वही मी मागवून पाहिली. त्यात टँकर आहे, गच्चीची गळती आहे. बिल्डर नाही.

उद्या लेखी विचारणार आहे.