कमी दिवसांचं बाळ: डिस्चार्जनंतरची वर्षं

आमची मुलगी तिसाव्या आठवड्यात झाली. वजन १,१८० ग्रॅम. माझं बीपी आटोक्यात येईना म्हणून सिझर करावं लागलं. त्याआधी तिची फुप्फुसं तयार व्हावीत म्हणून मला स्टेरॉइडची इंजेक्शनं दिली होती. काचेच्या पेटीतल्या दिवसांबद्दल पुष्कळ बोललं जातं. मला सांगायचंय ते त्यानंतरचं. बाळ घरी आलं की सगळे म्हणतात, 'सुटलात बाई!' आणि खरी धावपळ तिथून सुरू होते.

पहिली काळजी डोळ्यांची. ३४ आठवड्यांच्या आत किंवा दोन किलोच्या खाली जन्मलेल्या बाळाच्या डोळ्यांचा पडदा जन्मानंतर महिनाभरात तपासायलाच हवा. पडद्यावरच्या रक्तवाहिन्या अर्धवट वाढलेल्या असतात, पुढे त्या वेड्यावाकड्या वाढू शकतात, आणि वरून डोळा अगदी छान दिसतो. बाहुली मोठी करणारे थेंब, पापण्या उघड्या धरणारी तारेची क्लिप, दुपट्यात घट्ट गुंडाळलेली माझी लेक. बघवत नसे. तिला लेसरचा उपचार लागला नाही, पण पडदा पूर्ण वाढेपर्यंत पुन्हापुन्हा जावं लागलं. ही तारीख कुठल्याही कारणाने पुढे ढकलू नका. कानांची बेरा तपासणीही, म्हणजे बाळाला ऐकू येतं का ते पाहणारी, तेव्हाच झाली.

मग वयाचा हिशेब. लसी जन्मतारखेप्रमाणे, पण मान धरणं, बसणं, रांगणं मोजायचं ते करेक्टेड वयाने, म्हणजे जितके आठवडे आधी जन्म झाला तितके वजा करून. आमच्या बाबतीत दहा आठवडे. दोन वर्षांपर्यंत हाच हिशेब. नऊ महिन्यांची झाली तरी ती नुकती कुठे आधाराशिवाय बसायला लागली होती. 'अजून रांगत नाही?' हे प्रत्येक बारशाला आणि हळदीकुंकवाला ऐकलं. करेक्टेड वयाने ती वेळेवर होती, आणि हे सासूबाईच पुढे होऊन सगळ्यांना समजावून सांगू लागल्या. मला त्याचा फार आधार वाटला.

पण 'कमी दिवसांची आहे, करेल हळूहळू' हेही प्रत्येक गोष्टीला चालत नाही. लंगोट बदलताना तिच्या मांड्या सहज फाकत नसत, उभं धरलं की चवड्यांवर जायची. अशा बाळांच्या वाढीवर लक्ष ठेवणाऱ्या हाय रिस्क क्लिनिकमधल्या फिजिओथेरपिस्ट ताईंनी गुडघा सरळ ठेवून पाऊल हळूच वर दाबून दाखवलं. घोटा मध्येच अडत होता. तेच हळूहळू ताणणं आम्हाला शिकवलं, दर लंगोटाच्या वेळी करायचं. आत्याबाईंनी हौसेने आणलेला वॉकर बंद झाला, कारण त्यात मूल चवड्यांनीच ढकलत राहतं. काही महिन्यांत ताठरपणा उतरला. कमी दिवसांच्या बऱ्याच बाळांचा तो असाच उतरतो, काहींचा सेरेब्रल पाल्सीकडे, म्हणजे मेंदूच्या इजेमुळे हालचालींवर ताबा न राहण्याकडे, जातो. कोणाचं काय होणार हे घरी बसून कळत नाही, म्हणून तर तपासणी.

चालायला लागल्यावर आमच्या ओळखीतल्या बहुतेकांनी क्लिनिकला जाणं सोडलं. आम्ही सोडलं नाही, त्याला कारण पुण्यातलाच एक अभ्यास. के.ई.एम. रुग्णालयाच्या डॉ. सुधा चौधरी आणि सहकाऱ्यांनी १९८७ ते १९८९ या काळात जन्मलेल्या, दोन किलोच्या आतल्या बाळांचा मोठेपणापर्यंत पाठपुरावा केला. बाराव्या वर्षी त्यांचा सरासरी बुद्ध्यांक इतर मुलांपेक्षा कमी, तरी नॉर्मलच्या मर्यादेत होता. अडचण दिसली ती लिहिण्यात, गणितात, डोळा आणि हात यांच्या मेळात. हे पहिल्या वाढदिवसाला कसं दिसणार?

आमच्याकडे ते सीनियर केजीत दिसलं. गोष्ट सांगायची ती अखंड, पण चौकोन काढताना कोपऱ्याशी पेन्सिल थांबायची. त्यावर ऑक्युपेशनल थेरपी चालू आहे: मणी ओवणं, कात्रीने रेषेवर कापणं, कणकेच्या गोळ्या.

आणि मग पहिलीचा प्रवेश. महाराष्ट्रात ३१ डिसेंबरपर्यंत सहा वर्षं पूर्ण हवीत. तिचा जन्म डिसेंबरच्या सुरुवातीचा, डॉक्टरांनी दिलेली तारीख होती फेब्रुवारीची. कागदावर ती यंदाच बसते, वर्गात सगळ्यांत लहान म्हणून. दिवस भरून जन्मली असती तर आपोआप पुढच्या वर्षी गेली असती. थेरपिस्टशी बोलून आम्ही पुढचंच वर्ष धरलं. शाळेने आधी 'वर्ष कशाला वाया घालवता?' म्हटलं. डिस्चार्ज कार्ड आणि क्लिनिकचे रिपोर्ट दाखवल्यावर मुख्याध्यापिका बाईंनी होकार दिला.

ती सगळी फाईल जपून ठेवा. नंबराच्या तपासणीसाठी डोळ्यांच्या डॉक्टरांनीही परवा तीच मागितली.