बाबांना घेऊन टिल्ट ट्रेनचा प्रवास - माझा अनुभव

आमच्या बाबांनी कोकण रेल्वेच्या सर्व्हेत काम केलंय, पेडण्याच्या बोगद्यावर तर कितीतरी पावसाळे काढले. तिथली माती इतकी मऊ की खणलं की ढासळायचं, गोव्यातला तो बोगदा झाला आणि मग २६ जानेवारी १९९८ ला पूर्ण लाइन सुरू झाली. दादा ऑस्ट्रेलियात ब्रिस्बेनला गेल्यापासून बाबांचं एकच चाललेलं, "बाय, तिकडे ती वळणावर कलणारी गाडी आहे, टिल्ट ट्रेन, मला एकदा बसायचंय तिच्यात." मागच्या वर्षी शेवटी जमवलं. कुणी आईवडिलांना घेऊन जाणार असेल तर उपयोगी पडेल म्हणून सविस्तर लिहितेय.

आधी माझाच गोंधळ झाला कारण ब्रिस्बेनहून उत्तरेला जाणाऱ्या किनाऱ्याच्या लाइनवर लांब पल्ल्याच्या दोन वेगळ्या गाड्या आहेत. एक केर्न्सपर्यंत जाते, १६८१ किलोमीटर, पूर्ण एक दिवस लागतो. दुसरी विजेवरची टिल्ट ट्रेन, ब्रिस्बेन ते रॉकहॅम्प्टन, ६३९ किलोमीटर, जवळजवळ आठ तास. बाबांचे गुडघे बघता आम्ही दुसरी घेतली. वहिनी म्हणाली मी काढते तिकीट, पण मला फोंड्यात बसून स्वतःच काढायचं होतं. पेमेंट दोनदा फेल. तर आपल्या कार्डावर परदेशातले व्यवहार बंद असतात, ते बँकेच्या अ‍ॅपमध्ये जाऊन चालू करावे लागतात, हे बँकेत दोन चकरा मारूनही कुणी धड सांगितलं नाही, शेवटी शेजारच्या मुलाने दाखवलं. आणि तिकडे फोन करायचा तर साडेचार तासांचा फरक, त्यांचे सकाळचे नऊ म्हणजे आपले पहाटेचे साडेचार. मी अलार्म लावून उठले आणि बाबांना एका टोकाची खिडकीजवळची सीट मिळेल का ते विचारून घेतलं. मिळाली.

माझी मोठी काळजी वेगळीच होती. चोर्ला घाटात बसमध्ये मला हमखास उलटी होते, मग कलणाऱ्या गाडीत आठ तास कसे काढायचे? बाबांनी जेवणाच्या टेबलावर ताट तिरकं धरून समजावलं. गाडी वळते तेव्हा आपण बाहेरच्या बाजूला फेकले जातो, म्हणून ही गाडी वळण ओळखून डबा आतल्या बाजूला कलवते, साधारण ५ अंश, त्यामुळे आपल्याला तो धक्का कमी लागतो आणि गाडीला वेग कमी न करता वळणावरून जाता येतं. मळमळतं ते डोळ्यांना बाहेरचं जग तिरकं दिसतं आणि अंगाला काहीच जाणवत नाही म्हणून. मोबाइलमध्ये तोंड खुपसायचं नाही, लांब बघायचं. मी अ‍ॅव्होमिन घेतलीच, आणि आवळा सुपारी नेली (खाण्याचं काहीही असेल तर तिथे उतरताना फॉर्मवर लिहा, लपवू नका, लिहिलं की ते बघून ठरवतात).

बाबांनी काय नेलं, तर त्यांची जुनी पाणसळ, ती बुडबुड्याची पट्टी. मोपा विमानतळावर केबिन बॅगेत अडवतील म्हणून मी ती चेक-इनच्या बॅगेत टॉवेलात गुंडाळून घातली.

ब्रिस्बेनला रोमा स्ट्रीट स्टेशनवरून गाडी सुटते. तासभर आधी जा, मोठ्या बॅगा आधीच जमा करायच्या असतात आणि आपल्यासारखं धावत डब्यात घुसायचं नसतं. किनाऱ्याची लाइन म्हणतात पण समुद्र फारसा दिसत नाही, हे आधीच सांगते, नाहीतर माझ्यासारखा विरस होईल. ग्लास हाऊस नावाच्या डोंगरांचे सुळके दिसतात, मग झाडी, मग बंडाबर्गजवळ ऊसच ऊस.

नॅम्बोरच्या आसपास वळणं वाढली आणि बाबांनी पाणसळ ट्रेवर आडवी ठेवली. खिडकीतून टेकड्या तिरक्या होत होत्या, अख्खं क्षितिज एका बाजूला चढत होतं आणि हिरव्या नळीतला बुडबुडा रेघेपासून थोडासाच सरकायचा आणि परत जागेवर यायचा. बाबा बोलत नव्हते, फक्त प्रत्येक वळणाला बोट उचलायचे. पलीकडच्या सीटवरच्या आजीपण वाकून बघायला लागल्या. माझी मळमळ कुठे गेली ते मला कळलंच नाही.

नंतर चहा पिताना ते म्हणाले, आपण लाइन सरळ ठेवायला डोंगर फोडले, ९१ बोगदे पाडले, कुठलंही वळण १२५० मीटर त्रिज्येच्या आत येऊ दिलं नाही, गोव्यात खाजनांवरून, म्हणजे खाडीकाठच्या सखल शेतांवरून, भराव गेले म्हणून लोक रस्त्यावर उतरले, मला शेतकऱ्यांचे चेहरे अजून आठवतात. इथे लाइन जुनी, वाकडी, दोन रुळांमधलं अंतर १०६७ मिलिमीटर, आपल्या १६७६ पुढे केवढी अरुंद, ती होती तशी बरीचशी राहू दिली आणि गाडीलाच कलायला शिकवलं. तेही १९९८ सालीच. मे १९९९ मध्ये ह्याच जातीची गाडी चाचणीत ताशी २१० किलोमीटरनी गेली, तो ऑस्ट्रेलियाचा विक्रम.

पण कलते म्हणजे वाट्टेल तशी पळवता येते असं नाही, रुळावरचा जोर तेवढाच राहतो. नोव्हेंबर २००४ मध्ये बंडाबर्गच्या पुढे बेराजोंडोजवळ तेव्हाची केर्न्सची टिल्ट ट्रेन ताशी ६० किलोमीटरची मर्यादा असलेल्या वळणावर ११२ नी गेली आणि घसरली, १०० हून जास्त लोक जखमी झाले, जीव कुणाचा गेला नाही. ती जागा जवळ आली तेव्हा बाबांनी पाणसळ उचलून मांडीवर धरली आणि ते वळण संपेपर्यंत बाहेर बघत राहिले.

रॉकहॅम्प्टनला उतरलो तर सगळे निघून गेले आणि बाबा प्लॅटफॉर्मवर वाकून चाकांकडे बघत उभे. स्टाफमधला एक जण आला, मला वाटलं हटकणार, तर बाबांनी खिशातून पाणसळ काढून दाखवली. तो हसला आणि आम्हाला पुढे चालकाच्या केबिनपर्यंत घेऊन गेला.