नोटेवर गावातल्या बँकेचं नाव

1861च्या कायद्याने आपल्याकडे बँक ऑफ बॉम्बेचा स्वतःच्या नोटा काढण्याचा हक्क गेला. अमेरिकेत मात्र 1863पासून थेट 1935पर्यंत गावोगावच्या नॅशनल बँकांच्या (केंद्र सरकारच्या परवान्याने चालणाऱ्या खासगी बँकांच्या) नावाने नोटा निघत होत्या. बँकेने सरकारी रोखे तारण ठेवायचे आणि त्या हिशेबाने नोटा मिळवायच्या. आज संग्राहक जिवापाड जपतात त्या याच.

नोट हातात आली की वर्ष किंवा रक्कम बघण्याआधी बँकेचं नाव, गाव आणि चार्टर नंबर (सरकारने त्या बँकेला दिलेला परवाना क्रमांक) बघा. किंमत तिथे ठरते. सॅन फ्रान्सिस्कोच्या बँक ऑफ अमेरिकेची (चार्टर 13044) 1929 मालिकेतली वीस डॉलरची वापरलेली नोट सहज मिळते. तशीच नोट एखाद्या खेड्यातल्या बँकेची असेल आणि तिच्या दोन-तीनच नोटा उरल्या असतील, तर भाव हजारो डॉलरवर जातो. म्हणून त्या चार्टरच्या किती नोटा ज्ञात आहेत, ते आधी तपासावं. हा आकडा कायमचा नसतो. जुन्या तिजोरीतून एखादी गड्डी निघाली की भाव कोसळतो.

1929 मालिकेत दोन प्रकार आहेत. पहिल्यात चार्टर नंबर फक्त काळ्या शाईत असतो, दुसऱ्यात तो अनुक्रमांकाशेजारी तपकिरी शाईतही छापलेला असतो. दुसरा प्रकार 1933पासूनचा, त्यामुळे बऱ्याच बँकांच्या बाबतीत तो जास्त दुर्मीळ.

खरी मेख कागदात आहे. नोट उजेडासमोर धरली की टाचणीची भोकं आणि चिकटवलेल्या फाटी दिसतात. धुऊन दाबलेली नोट सपाट आणि निर्जीव लागते, छपाईचा उठाव बोटाला जाणवत नाही. 1929आधीच्या, आकाराने मोठ्या नोटांवर बँकेच्या अध्यक्षाची आणि कॅशियरची सही बऱ्याचदा पेनाने किंवा रबरी शिक्क्याने केलेली असे. ती फिकी पडते आणि कोणीतरी ती गिरवून ठेवतं. भिंगातून घडीवर नजर ठेवा: मूळ सही घडीबरोबर झिजलेली असते, गिरवलेली शाई घडीच्या तुटलेल्या तंतूंत पसरते. समास वाकडा असेल तर घाबरू नका, कारण मोठ्या नोटांचे ताव बँकेतच कापले जायचे. तो सरळ करायला मात्र कात्री लावू नका.

भाव ठरवताना विक्रेत्याने मागितलेली किंमत सोडून द्या. लिलावात त्याच चार्टरची, त्याच प्रकारची, जवळपास तशाच अवस्थेतली नोट कितीला गेली ते पाहा. त्या आकड्यात बहुधा लिलावगृहाचं कमिशन धरलेलं असतं, विकणाऱ्याच्या हातात त्याहून कमी पडतं. नोट मायलारच्या (पॉलिएस्टरच्या पारदर्शक पातळ प्लास्टिकच्या) पाकिटात ठेवा. पीव्हीसीच्या पाकिटातून सुटणारी रसायनं कागद चिकट करतात.