रवंथ

आज सकाळी धायरीला मामांच्या गोठ्यात तासभर गायीपाशी बसले होते. मानेतून एक गोळा सरकन वर आला, जबडा आडवा फिरायला लागला. मी मोजलं, ५२ वेळा चावून गिळला. क्षणभर थांबली, की पुढचा गोळा हजर!

कडब्यातलं सेल्युलोज तिला स्वतःला पचत नाही, बरं का. पोटाच्या ४ कप्प्यांपैकी सर्वांत मोठ्या कप्प्यातले सूक्ष्मजीव ते आंबवतात, त्यातून तयार झालेली आम्लं तिथल्याच भिंतीतून रक्तात जातात. किती सुंदर सोय! आपलं बहुतेक शोषण लहान आतड्यात, आणि चावायची संधी एकदाच.

आजारपणानंतर आईला जेवण जड जातंय. संध्याकाळी भाकरी दुधात कुस्करून दिली, शेजारी बसून राहिले. सावकाश का होईना, अर्धी भाकरी गेली आज.