अथेन्समध्ये सॉक्रेटिसच्या मागावर: खोटा तुरुंग, चुकीची अकादमी

पैशांचं आधी सांगते. अथेन्समध्ये फिलोपाप्पू टेकडीवर 'सॉक्रेटिसचा तुरुंग' म्हणून ज्या खोल्या दाखवतात, तिथे सॉक्रेटिसला ठेवल्याचा कुठलाही पुरावा नाही. त्यासाठी कोणालाही पैसे देऊ नका.

आम्ही दिले. मी आणि दादा, दोघांचे मिळून १४० युरो. 'तत्त्वज्ञांच्या पाऊलखुणा' अशा नावाची तीन तासांची पायी सहल ठाण्यातून निघायच्या आधीच ठरवली होती. पाइनच्या झाडांखाली खडकात कोरलेल्या खोल्या आहेत, दारांना लोखंडी गज आहेत. गाइडने आवाज खाली आणला आणि सांगितलं, इथेच त्याने विषाचा पेला घेतला. माझे डोळे भरून आले. दादाने हात जोडले. पाच मिनिटांत आम्हाला पुढे हाकललं, पाटीसुद्धा वाचू दिली नाही.

दुसऱ्या दिवशी मी एकटी परत गेले आणि पाटी वाचली. तुरुंगाचं नाव लोकांनी पाडलेलं आहे. या जागेची खरी हकिगत दुसऱ्या महायुद्धातली: ॲक्रोपोलिस, म्हणजे मंदिरांच्या टेकडीवरच्या, आणि राष्ट्रीय संग्रहालयातल्या प्राचीन वस्तू जर्मनांच्या हाती लागू नयेत म्हणून इथे ठेवून काँक्रीटची जाड भिंत घातली होती. ही हकिगत सांगितली असती तरी आम्ही तितक्याच आदराने ऐकली असती. मला राग १४० युरोंपेक्षा दुसऱ्याच गोष्टीचा आला. ज्या माणसाने जन्मभर समोरच्याला 'हे तुला नक्की ठाऊक आहे का?' एवढंच विचारलं, त्याच्याच नावाने न तपासलेली गोष्ट विकायची?

तुरुंग असण्याची जास्त शक्यता असलेली जागा अगोराच्या, म्हणजे जुन्या चौकाच्या, नैऋत्य कोपऱ्यापासून साधारण शंभर मीटरवर आहे. पायाचे दगड फक्त उरलेत, तेही गवतात. मधून बोळ, दोन्ही बाजूंना लहान खोल्या, मागे अंगण. एका खोलीत पाण्याची सोय होती. मरणाच्या दिवशी सॉक्रेटिसने आधी अंघोळ केली, म्हणजे बायकांना नंतर प्रेत धुवायचा त्रास नको, असं त्याचा शिष्य प्लेटो लिहितो. उत्खननात इथे औषधाच्या १३ चिमुकल्या कुप्या आणि सॉक्रेटिसची म्हणून ओळखली जाणारी छोटी मूर्ती सापडली. सगळे अभ्यासक ही जागा मान्य करत नाहीत, पण इथे निदान वाद घालायला काहीतरी आहे. इसवी सन पूर्व ३९९ मध्ये, सत्तरीच्या सॉक्रेटिसला मरणाची शिक्षा झाली, पण डेलोस बेटावर गेलेलं पवित्र जहाज परत येईपर्यंत कोणाला मारायचं नाही असा नियम होता, म्हणून तो महिनाभर कोठडीत होता. मित्र रोज पहाटे जवळच्या न्यायालयापाशी जमून दार उघडायची वाट बघायचे. कोठडीतून पळून जावं की कायदा चुकला तरी पाळावा, हा प्रश्न युरोपने त्यानंतर सोडलाच नाही. तिथे आम्ही अर्धा तास होतो आणि दुसरं कोणी आलं नाही.

आता अगोरा. तिकीट काढा, सकाळी आठला दार उघडताच आत जा आणि आधी नैऋत्य कोपऱ्यातला सीमेचा दगड गाठा. त्यावर कोरलंय, 'मी अगोराची सीमा आहे'. दगडच बोलतोय. त्याला लागूनच एका घराचा पाया आहे आणि तिथे चपलांना ठोकायचे लोखंडी खिळे, वाद्या ओवायच्या हाडाच्या कड्या आणि एका पेल्याचं बूड सापडलं. बुडावर नाव खरवडलेलं आहे: 'सिमोनचा'. सिमोन नावाच्या चांभाराच्या दुकानात सॉक्रेटिस गप्पा मारायला बसायचा आणि सिमोन त्या टिपून ठेवायचा, असं जुन्या चरित्रकाराने लिहून ठेवलंय. हे खिळे तिथेच अट्टालोसच्या स्टोआतल्या, म्हणजे खांबांच्या पडवीतल्या, संग्रहालयात ठेवलेत. गंज चढून फुगलेले, डोकं गोल, करंगळीच्या नखाएवढे. मी त्या काचेसमोरून हलेना, दादाने दोनदा बोलावलं. ॲक्रोपोलिस राहिलं तरी चालेल, हे खिळे बघा. हे मी पूर्ण विचार करून लिहिते आहे.

दोन गोष्टी फुकट दिसतात. आद्रियानू रस्त्याच्या कठड्यावरून खाली, रेल्वेच्या रुळांजवळ राजस्टोआचा पाया आहे. १९७० मध्ये सापडला. सॉक्रेटिसवरच्या आरोपाची पहिली सुनावणी तिथे झाली. रस्त्याच्या पलीकडच्या खड्ड्यात रंगीत स्टोआ. सायप्रसहून आलेला झेनो इसवी सन पूर्व ३००च्या सुमारास या पडवीत शिकवू लागला, म्हणून त्याच्या मताचे लोक स्टोइक. रोमचा सम्राट मार्कस ऑरेलियस त्यांच्यापैकीच एक. कठड्याला अगदी खेटून हॉटेलांची टेबलं आहेत, त्यांच्यामधून वाट काढावी लागते.

आता प्लेटोची अकादमी, म्हणजे त्याची शाळा जिथे भरायची ती बाग. टॅक्सीवाल्याला नुसतं 'प्लेटोज ॲकॅडमी' म्हणू नका. आम्ही म्हटलं. त्याने आम्हाला पानेपिस्तिमिऊ रस्त्यावर, एकोणिसाव्या शतकातल्या संगमरवरी अकादमीसमोर उतरवलं. दाराशी एका बाजूला प्लेटो, दुसऱ्या बाजूला सॉक्रेटिस बसलेले, त्यामुळे आम्हालाही पटलं. फोटो काढून झाल्यावर दादा म्हणाला, "अगं, ही बाग कुठाय?" टॅक्सी निघून गेली होती. खरी जागा तिथून साडेतीन किलोमीटर, वेळ दुपारी एकची, महिना जुलै. मी म्हटलं, चालू. चूक माझी. ओमोनियाच्या पुढे लेनोरमान रस्ता लागतो आणि तो संपतच नाही. फुटपाथ उखडलेले, त्यांवर मोटरसायकली, संत्र्याच्या झाडांची सावली भिंतीला चिकटलेली. औषधाच्या दुकानाच्या हिरव्या पाटीवर ३९ अंश दिसत होतं. अकादमीची एकही पाटी दिसली नाही. दादाच्या चपलेचा बंद तुटला, पाणी संपलं, आणि पाऊण तास आम्ही एकमेकांशी बोललो नाही. हा टप्पा उन्हाळ्यात दुपारी कोणीही करू नये, रोज सिंहगड चढणाऱ्यांनीही नाही.

बरोबर वाट अशी: मेट्रोने केरामेइकोसला उतरा. तिथल्या जुन्या स्मशानभूमीत दिपिलोन वेशीचे अवशेष आहेत. अकादमीचा प्राचीन रस्ता त्या वेशीतूनच निघायचा. तिथून बाग दीड किलोमीटरच्या आसपास आहे. विचारताना 'अकादिमीया प्लातोनोस' म्हणा, वस्तीचं नाव तेच आहे. संध्याकाळी सहानंतर निघा. इसवी सन पूर्व ७९ मध्ये रोमन वक्ता सिसेरो मित्रांबरोबर याच वेशीतून चालत गेला होता. दुपारी तिथे गर्दी नसते म्हणून ती वेळ निवडली, असं त्याने लिहिलंय. जुलैच्या दुपारी गर्दी आजही नसते, पण ती वेळ घेऊ नका.

तिथे पोचल्यावर मात्र माझा शीण गेला. मोकळी सार्वजनिक बाग आहे, कुंपण नाही, तिकीट नाही. झाडांखाली पायाचे दगड, त्यांतले बरेचसे प्लेटोनंतरचे. इसवी सन पूर्व ८६ मध्ये रोमन सेनापती सुल्लाने वेढ्याची यंत्रं बनवायला इथली झाडं तोडली. ॲरिस्टॉटल सतराव्या वर्षी इथे आला आणि वीस वर्षं राहिला. आपल्याकडे पोलीस भरतीच्या क्लासपासून क्रिकेटच्या नेटपर्यंत पाटीवर जो 'अकादमी' शब्द लिहितात, तो या राईचा आहे. अकादेमोस नावाच्या वीराची राई म्हणून हे नाव पडलं. एका भिंतीच्या पायाला गोलपोस्ट समजून मुलं फुटबॉल खेळत होती. त्यांतल्या एकाने दादाची चप्पल बघून स्वतःच्या बुटाची नाडी सोडून दिली. त्या नाडीवर दादा हॉटेलपर्यंत चालला.

ॲरिस्टॉटलचं लायसियम, म्हणजे त्याची स्वतःची शाळा, एव्हांगेलिस्मोस मेट्रोजवळ आहे. १९९६ मध्ये संग्रहालयासाठी पाया खणताना सापडलं, २०१४ पासून खुलं आहे. व्यायामशाळेचा पाया आणि सुगंधी झुडपं. अर्धा तास पुरे.



ॲक्रोपोलिसजवळच्या अरेओपागसच्या खडकावर रबरी तळ असलेल्या बुटांशिवाय जाऊ नका, चुनखडीचा दगड घासून काचेसारखा झालाय. कडक उन्हाच्या लाटेत ॲक्रोपोलिस दुपारी बंद ठेवतात, तो वेळ अट्टालोसच्या स्टोआतल्या सावलीत घालवा. माणशी दीड लिटर पाणी घ्या आणि बुटाची एक जादा नाडी.