दुर्बिणीत आलेला धाविक

मी भूकरमापक. नागपूर जिल्ह्यात ‘झुडपी जंगल’ अशी नोंद असलेले गट आमच्या मोजणीत नेहमी येतात. या जमिनी वनच आहेत, असं सर्वोच्च न्यायालयाने २२ मे २०२५ला स्पष्ट केलं. तरी जागेवर मुरूम, विरळ कुसळी गवत आणि एखादं बोरीचं झुडूप पाहून लोक विचारतातच, “इथं आहे तरी काय?”

कळमेश्वर तालुक्यातली मोजणी होती, ऐन एप्रिलमधली. टोटल स्टेशन, म्हणजे दुर्बीण असलेलं मोजणीचं यंत्र लावलं आणि शिपाई त्याचा किरण परतवणारा प्रिझम घेऊन पुढे निघाला. त्याच्या पुढ्यातून काहीतरी हललं, पण नजर गेली तिथे नुसती जमीन! बकऱ्या घेऊन आलेला म्हातारा गायकी लगबगीने म्हणाला, “त्याले मागं बोलवा साहेब. थे पाखरू अंड्यावरून उठलं. आपण दूर बसलो का येते परत.”

शिपायाला मागे घेतलं आणि यंत्राची दुर्बीण त्या पट्ट्यावरून सावकाश फिरवली. आधी दिसली डोळ्यावरची पांढरी रेघ, तिच्याखालची काळी. मग तांबूस डोकं, विटकरी छाती, लांब फिकट पाय. धाविक! चार पावलं तुरुतुरु पळायचा, ताठ उभा राहायचा, पुन्हा पळायचा. समोरून एवढा देखणा पक्षी, पण पाठ फिरवली की मुरमात मिसळून जायचा. दुर्बीण ३० पट मोठं दाखवते, तरी मला तो पुन्हा पुन्हा शोधावा लागत होता. बऱ्याच वेळाने तो एका जागी बसला. काडी नाही, आडोसा नाही, भर उन्हात उघड्यावर.

धाविक दोन-तीन अंडी अशीच जमिनीवर घालतो. काळपट ठिपक्यांनी ती इतकी भरलेली असतात, की बकरीच्या लेंड्यांमध्ये ओळखू येऊ नयेत. जवळ जाऊन पाहायचा मोह आम्ही आवरला.

झाडं नाहीत म्हणून अशा रानाला कमी लेखणं मला मुळीच पटत नाही. धाविकाला पळायला आणि धोका लांबून दिसायला असंच मोकळं रान लागतं. तिथे खड्डे खणून दाट रोपं लावली, तर हिरवळ वाढेल आणि हा पक्षी जाईल.

गायकीने बकऱ्या नाल्यापलीकडे वळवल्या. मी वनरक्षकाला फोन करून जागा सांगितली. हद्दीचा तेवढा कोपरा पिल्लं हिंडायला लागल्यावर मोजायचा, असं लिहून हजर असलेल्या सगळ्यांच्या सह्या घेतल्या.